पाण्याने भरलेला हातमोजा

गणपती उठले त्या आठवड्यात सुभद्राचं पत्र आलं होतं. नवरात्र सरलं, कोजागिरीचं दूध पिऊन झालं, अमरावतीच्या राजापेठेतल्या दुकानांवर आकाशकंदील लोंबू लागले, तरी सरोजिनीने त्याला उत्तर दिलं नव्हतं.

ती विसरली होती असं नव्हे. विसरता आलं असतं तर बरंच झालं असतं. पत्र तिच्या पर्समध्ये रेल्वेच्या पासाला चिकटून असायचं. रोज ती राजापेठेतून बडनेऱ्याला जायची, तिथून अकोल्याची गाडी धरायची, आणि तिकीट तपासनीस समोर येऊन उभा राहिला की पासाबरोबर वहीचा तो घडी घातलेला कागदही बाहेर डोकवायचा. पास दाखवून झाला की ती कागद आत ढकलायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची.

अकोल्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात ती हाडांच्या वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर होती. पत्रावर तिचं नाव नव्हतं. 'हाड वार्डाच्या मोठ्या सिस्टरबाई' एवढंच लिहिलेलं. तेवढ्यावर ते बिनचूक तिच्या टेबलावर येऊन पडलं होतं.

'सिस्टरबाईंना नमस्कार. मी पार्वताबाईची सून सुभद्रा, चांदूर रेल्वेच्या बाजूच्या खेड्यातली. माझ्या सासूच्या खुब्याचं ऑपरेशन तुमच्याकडे झालं. सुट्टी देताना तुमच्या सिस्टरनं सांगितलं का हातमोज्यात पाणी भरून गाठ मारायची आणि दोन्ही टाचांखाली एकेक ठेवायचा, म्हणजे पडून पडून जखम होत नाही. मी तसंच केलं. एक दिवस चुकवला नाही. पाणी रोज बदलते. तरी दोन्ही टाचा काळ्या पडल्या, आता एकीतून पाणी येते. नणंद म्हणते, हिनं माझ्या मायले कुजवलं. घरचे पण तिचंच ऐकतात. माझ्यापाशी मोबाईल नाही. ह्यांचा आहे, पण त्यावर बोललं का सगळे कान देतात. म्हणून लिहिते. माझं काय चुकलं ते लिहून पाठवा. नसेल चुकलं तर तसं लिहा. तुमचं लिहिलेलं आलं का मी सगळ्यांसमोर वाचून दाखवीन. हातमोजे चालूच आहेत.'

सरोजिनीला सगळ्यात जास्त बोचायचं ते शेवटचं वाक्य. हातमोजे चालूच आहेत. म्हणजे ती बाई अजूनही रोज सकाळी नळाखाली हातमोजा धरत असणार, तो टम्म फुगला की गाठ मारत असणार, आणि मोठ्या भक्तिभावाने सासूच्या टाचेखाली सरकवत असणार.

हातमोज्याची ही रीत कुणी काढली, कुणालाच ठाऊक नाही. सरोजिनीला तिच्या पहिल्या इन्चार्जबाईंनी शिकवली, त्यांना कुणी आणखी जुन्या बाईंनी शिकवली असेल. पाण्याने भरलेला तो हातमोजा, गाईच्या आचळासारखी वर आलेली त्याची पाच बोटं, हे वॉर्डातल्या प्रत्येक म्हाताऱ्या पेशंटच्या पायाशी दिसायलाच हवं. दिसलं की इथे शुश्रूषा होते असं कळतं. सरोजिनीने स्वतः कितीतरी पोरींना गाठ मारायला शिकवली होती. पाणी फार भरू नका, डुगडुगतं, असं बजावून सांगितलं होतं.

मग या उन्हाळ्यात अमरावतीतच दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. विषय होता पुराव्यावर आधारित शुश्रूषा. नाव ऐकूनच निम्म्या सिस्टर आळोखेपिळोखे देऊ लागल्या होत्या. शिकवणाऱ्या बाई मात्र हुशार. त्यांनी पडद्यावर काही न दाखवता सगळ्यांना चपला काढायला लावल्या, टेबलावर पाय पसरून टाचेखाली भरलेला हातमोजा ठेवून गप्पा मारत बसायला सांगितलं. गप्पा संपल्या तेव्हा प्रत्येकीच्या टाचेवर लाल वर्तुळ उमटलं होतं. "वजन त्या एवढ्याशा फुग्यावरच येतं ना बायांनो," बाई म्हणाल्या. "टाचेखाली मऊ काय ठेवायचं हा प्रश्नच चुकीचा आहे. टाचेखाली काहीच नको. उशी पोटरीखाली लांब ठेवा, टाच अधांतरी राहू द्या. हे तपासून पाहिलेलं आहे, छापून आलेलं आहे." सगळ्या हसल्या, एकमेकींच्या टाचा बघून आणखी हसल्या. सरोजिनीही हसली. परतीच्या वाटेवर मात्र तिचं हसू कुठल्या कुठे गेलं. आजवर किती टाचा, असं काहीतरी तिच्या मनात येत होतं आणि ती ते पुरं होऊ देत नव्हती.

अकोल्याला गेल्या गेल्या तिने मेट्रनबाईंना सांगितलं होतं.

"सरोजिनी, तू दोन दिवस अमरावतीत शिकलीस का अमेरिकेत?" मेट्रनबाई म्हणाल्या.

"मॅडम, खरंच लाल होतं. आम्ही स्वतः पाहिलं."

"असेल. पण डॉक्टरसाहेब राऊंडला आले की आधी पायाकडे बघतात. तिथे हातमोजा दिसला नाही तर काय सांगशील त्यांना? तुमचं चुकतं म्हणून?"

साहेबांच्या मागे फाईल धरून उभं राहण्यात तिचं आयुष्य गेलेलं. ते काही वाईट नव्हते. पेशंटच्या डोक्यावरून हात फिरवणारे, पैसे नसले तर सोडून देणारे. पण त्यांच्याशी बोलायचं म्हणजे त्यांनी विचारलेल्याचं उत्तर द्यायचं, एवढंच तिला येत होतं. हातमोजे बंद करायचे तर लेखी आदेश हवा. आदेश साहेब देणार. साहेबांना सांगायचं मेट्रनबाईंनी. मेट्रनबाई म्हणणार, वॉर्डातून मागणी येऊ दे. आणि वॉर्ड म्हणजे सरोजिनीच. घाण्याच्या बैलासारखी ती फिरून फिरून पुन्हा तिथेच यायची. श्रावणात पार्वताबाईंना सुट्टी झाली तेव्हा तिच्या हाताखालच्या पौर्णिमाने सुभद्राला हातमोज्याची गाठ शिकवली. सरोजिनी पलीकडच्या खाटेशी सलाईन लावत होती. तिने ऐकलं, आणि सलाईनच्या थेंबांकडे बघत राहिली.

पत्र आलं तेव्हा ते तिने मेट्रनबाईंना नेऊन दाखवलं.

"उत्तर द्यायचं नाही," त्या म्हणाल्या. "नातेवाइकाला एक ओळ लिहून दिली की ती उद्या वकिलाच्या टेबलावर. त्या ब्रदरचं काय झालं, आठवतं ना? इंजेक्शनचं खरं काय ते लिहून दिलं, आणि दुसऱ्या आठवड्यात गेटवरचा वॉचमन त्याला आत सोडेना."

"मग त्या बाईला काय सांगू?"

"ओपीडीत पेशंट घेऊन ये म्हणावं."

"कसं म्हणू? फोन नाही तिच्याकडे. लिहूनच कळवावं लागेल ना?"

"लिहू नको म्हटलं ना!" मेट्रनबाईंनी डोळे मिटले. त्यांना निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते. "माझे आई, मला सुखाने जाऊ दे इथून."

असं ते पत्र पासामागे राहिलं.

दिवाळीच्या तोंडावर जुईली नावाची मुलगी वॉर्डात आली. अमरावतीला एम.एस्सी. नर्सिंग करत होती आणि तिच्या प्रबंधाचा विषय होता, पुराव्यावर आधारित शुश्रूषेबद्दल परिचारिकांचं ज्ञान आणि दृष्टिकोन. ती बिचारी प्रश्नावल्यांचा गठ्ठा छातीशी धरून दारात उभी राहिली, आणि इकडे एकच धावपळ उडाली. कारण त्याच सुमाराला दर्जा तपासणारी समिती कधीही येईल असं सगळ्यांना सांगून ठेवलेलं. मुलीच्या गळ्यात ओळखपत्र, अंगावर इस्त्रीचा पांढरा कोट. झालं! कपाटं पुसली गेली, मावशीने फिनाईल ओतलं, खाटेखालचे डबे नाहीसे झाले.

मेट्रनबाई स्वतः खाली आल्या आणि सगळ्या सिस्टरना ओळीने बसवून म्हणाल्या, "ऐका. सगळ्यांनी पाचवा रकाना. 'पूर्ण सहमत.' कुणी डोकं चालवायचं नाही."

"मॅडम, ही परीक्षा नाहीये," जुईली म्हणाली. "ज्याने त्याने आपापलं..."

"हो हो, आपापलंच लिहितील. लिहा गं."

पौर्णिमाने थोड्या वेळाने हात वर केला. "मॅडम, इथं एक उलटं आहे. 'नव्या पुराव्यापेक्षा जुनी चालत आलेली रीत बरी.' याले पण पूर्ण सहमत?"

"पाचवा रकाना म्हटलं ना तुले!"

पौर्णिमाने मुकाट्याने पाचव्या रकान्यात खूण केली. सगळ्यांनी केली. वरच्या ओळीत नवा पुरावाच खरा, यालाही पूर्ण सहमत. खालच्या ओळीत जुनी रीतच बरी, यालाही पूर्ण सहमत. सरोजिनीनेही केली. खूण करताना तिला वाटलं, यात खोटं तरी काय आहे? आपण दोन्हीला पूर्ण सहमतच तर आहोत.

मेट्रनबाई गेल्यावर जुईली कागद चाळत सरोजिनीजवळ आली. तिला हसावं की रडावं कळत नव्हतं.

"ताई, तुमच्या वॉर्डाचा दृष्टिकोन इतका उत्तम आलाय की माझ्या गाईड मॅडम मलाच विचारतील, तूच बसून भरलेस का?"

"मग फेकून दे."

"फेकता कसे येतील? संख्या भरायची आहे ना. शनिवारी द्यायचंय सगळं." तिने मान वळवली तर ओळीने खाटा, आणि खाटेखाटेवर फुगलेली पाच पाच बोटं. "आणि हे हातमोजे?"

"तो प्रश्न तुझ्या कागदावर नव्हता," सरोजिनी म्हणाली.

जुईली ओशाळली. "मीसुद्धा भरलेत, ताई. शिकताना. प्रात्यक्षिकाला त्याचे मार्कही मिळाले होते." मग तिने सहज विचारलं, "एका पेशंटचे तरी काढून बघितलेत का कधी?"

विचारून ती निघून गेली. तिला गाडी गाठायची होती.

शनिवारी सरोजिनीने ते करून बघितलं. नव्याने आलेल्या गोदाबाई नावाच्या म्हातारीच्या पायाशी तिने हातमोजे ठेवलेच नाहीत. पोटरीखाली उशी लांब सरकवली, टाच अधांतरी केली, टाचेखाली तळहात घालून पाहिलं. टाच कुठेच टेकत नव्हती. तिला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत असं एकटीने ठरवून तिने काही केलं नव्हतं.

दुपारी गोदाबाईंचा मुलगा खुशालराव डबा घेऊन आला. धोतर, टोपी, शेतावरून थेट आलेला. त्याने आईच्या पायाकडे पाहिलं, शेजारच्या खाटेकडे पाहिलं.

"सिस्टर, ह्या बुढीले दोन दोन हातमोजे अन् आमच्या मायले एकही नाई? काऊन जी? आमी काय फुकटे आलो?"

"तसं नाही दादा. उशी ठेवलीय ना, त्याने टाच अधांतरी राहते. हातमोज्याने उलट..."

"अधांतरी! मानूस मेल्यावर अधांतरी असते. माह्या मायले आत्ताच काऊन ठेवता?"

आजूबाजूचे नातेवाईक हसले. त्याच वेळी साहेब राऊंडला शिरले, मागे मेट्रनबाई. साहेबांची नजर पायाकडे गेली.

"सिस्टर, हातमोजे?"

"सर, उशी..." सरोजिनी म्हणाली. पुढची सगळी वाक्यं तिने गाडीत बसून पाठ केली होती. त्यातलं एकही वर आलं नाही.

"उशी दिसते आहे मला. हातमोजे कुठे आहेत?"

"लगेच लावते सर," मेट्रनबाई म्हणाल्या. साहेब मान हलवून पुढच्या खाटेकडे वळले. ते रागावले नाहीत. त्यांच्या दृष्टीने काही घडलंच नव्हतं.

खुशालरावाला मात्र जोर आला. "पायलं? डॉक्टरले दिसलं, इले दिसलं नाई. असल्या निष्काळजी बाया ठेवता काऊन दवाखान्यात?"

सरोजिनी नळापाशी गेली. हातमोजा धरला, पाणी सोडलं. बोटं एकेक करून फुगली. गाठ मारताना तिच्या हातांना काही शिकवावं लागलं नाही. तिने हातमोजे आणून गोदाबाईंच्या टाचांखाली ठेवले, आणि खुशालराव म्हणाला, "हां, आता कसं!"

संध्याकाळच्या गाडीत तिला खिडकी मिळाली, पण बाहेर काय गेलं ते तिने पाहिलं नाही. निष्काळजी. एका शब्दाने दुपारपासून अंग जळत होतं. आणि तो शब्द तिला बरोबर केल्याबद्दल मिळाला होता. तिने मग सुभद्राचा विचार केला. तिला तोच आरोप, याहून वाईट शब्दांत, स्वतःच्या घरात, रोज, जेवताना, पाणी भरताना ऐकावा लागत होता. आणि तिने तर शिकवलेलं इमानाने केलं होतं. आपल्याला अमरावतीत घर आहे, गाडी सुटली की वॉर्ड मागे राहतो. तिची गाडी कुठे सुटणार?

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर सरोजिनी कागद घेऊन बसली. नवरा, उद्धव, कॉलेजात ग्रंथपाल होता. समोर वर्तमानपत्र वाचत होता. तिने लिहिलं आणि त्याला वाचून दाखवलं: 'हातमोजे आजच बंद करा. पोटरीखाली लांब उशी ठेवा, टाच कशालाही टेकू देऊ नका. काळा भाग खरडू नका, कापू नका. जखमेतून पाणी येतं म्हणजे वेळ घालवू नका, डॉक्टरांना दाखवा.'

"छान आहे," उद्धव म्हणाला. "मुद्द्याचं आहे, आणि तुझ्यावर काही येत नाही. खाली नाव नाही टाकलंस तरी चालेल."

ती कागदाकडे बघत राहिली. "हे तिने घरात वाचून दाखवलं तर काय होईल?"

"काय होईल?"

"नणंद म्हणेल, बघा, दवाखानाच सांगून राहिला हातमोजे बंद कर म्हणून. म्हणजे हिनंच लावून मायले कुजवलं."

उद्धवने वर्तमानपत्र खाली ठेवलं. हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. "मग आपण गाडी काढून जाऊन येऊ. चांदूर काय लांब आहे? समोरासमोर सांगू."

"आणि आपण परत आल्यावर? ती म्हणेल असं सांगितलं, ते म्हणतील तसं सांगितलं. तिने लिहून मागितलंय."

"सरू, लिहून दिलंस तर नोकरी राहणार नाही. तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग?"

तिने नुसता नवा कागद घेतला. यावेळी वेळ लागला. दोनदा उठून ती पाणी पिऊन आली. एकदा तिने 'आमच्याकडून' लिहिलं आणि खोडलं. आमच्याकडून म्हणजे कुणाकडून? शेवटी जे झालं ते असं होतं:

'सुभद्राताई, तुमचं काहीही चुकलं नाही. पाण्याचे हातमोजे ठेवायला आमच्या वॉर्डाने तुम्हाला शिकवलं. त्याने टाचेवरचा दाब कमी होत नाही, हे मला तुमच्या सासूबाईंना सुट्टी देण्याच्या आधीपासून माहीत होतं. मी वॉर्डाची प्रमुख असून त्या दिवशी तिथेच उभी होते आणि बोलले नाही. तुम्ही सांगितलेलं एक दिवसही न चुकवता केलं. ही सेवा झाली, हयगय नव्हे. हे पत्र घरात सर्वांना वाचून दाखवा. कुणाला शंका असेल तर त्यांनी मला विचारावं, तुम्हाला नाही. उत्तराला उशीर झाला तो माझ्या भीतीमुळे.'

त्याखाली तिने उशीचं, टाचेचं, डॉक्टरांना लगेच दाखवण्याचं सगळं पुन्हा लिहिलं, पोटरीखाली उशी कशी हवी याचं एक वेडंवाकडं चित्र काढलं. मग पूर्ण नाव, नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक, घरचा पत्ता आणि सही.

उद्धवने ते वाचलं. मग म्हणाला, "पाकीट जाड घे. पातळ पाकिटातून अक्षर दिसतं." आणि कपाटातून स्वतःच काढून दिलं.

सोमवारी तिची दुपारपाळी होती. सकाळी ती पोस्टात गेली तेव्हा दिवाळीची पार्सलं घेऊन ही रांग लागलेली. दोनदा तिला वाटलं, रांग सोडावी, उशीर होतोय. गाडीला खरं तर अजून अवकाश होता. हातात धरून धरून पाकिटाचा कोपरा ओला झाला.

खिडकीपलीकडच्या माणसाने पाकीट वजनावर टाकलं. "स्पीड पोस्ट?"

"हो. ज्यांच्या नावाचं आहे त्यांच्याच हाती पडेल ना?"

"घरी जो असन त्याच्या हाती देते पोस्टमन, ताई. आता त्याले काय ओळखपरेड घ्यायला सांगू?"

घरी जो असेल तो. म्हणजे नणंदेच्याही हाती पडू शकतं, नवऱ्याच्याही. पडू दे. वाचायचं त्या सगळ्यांनीच आहे.

"पाठवणाऱ्याचं नाव सांगा. पत्ता दवाखान्याचा टाकू का?" त्याला तिच्या पर्समधून बाहेर आलेलं ओळखपत्र दिसलं होतं.

"नाही. घरचा टाका." तिने नाव सांगितलं, पत्ता सांगितला.

"मोबाईल नंबर?"

तिने आपला नंबर सांगितला, सावकाश, एकेक आकडा. त्याने पट्टी चिकटवली, शिक्का मारला आणि मागे न बघता पाकीट पोत्यात टाकलं.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं ना बाप्पा. सरका, मांगच्याले येऊ द्या."

पोत्याचं तोंड अजून उघडंच होतं. वर दुसरं पार्सल पडलं, आणि तिचं पाकीट दिसेनासं झालं.